दुकान वाढवायचं का? नाशिकच्या एका स्टुडिओवालीला उत्तर

प्रश्न नाशिकहून आलाय. थोडक्यात असा:

“पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून भाड्याच्या गाळ्यात सिरॅमिकचा स्टुडिओ सुरू केला. कप, वाट्या, दिवे करते. दोन दुकानांत माल ठेवते, प्रदर्शनं करते, शनिवार-रविवार वर्ग घेते. दिवाळीत एका कंपनीची 400 कपांची ऑर्डर पूर्ण केली, तिचे पैसे फेब्रुवारी आला तरी मिळालेले नाहीत. गेला महिनाभर मातीला हात लावावासा वाटत नाही. सकाळी शटर उघडताना छातीत धस्स होतं. सगळं बंद करून परत नोकरी धरावी असं रोज मनात येतं. ताई, तुम्हाला असं कधी वाटलं का? तेव्हा तुम्ही काय केलंत?”

तू ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते.

हो, वाटलं. पुण्यात माझा स्टुडिओ सुरू होऊन 26 वर्षं झाली. त्यात तीनदा अगदी गळ्याशी आलं होतं आणि त्यातल्या एका वेळी मी खरंच चार महिने कुलूप लावलं. “होईल गं सगळं नीट” असं मी तुला म्हणणार नाही. मला कुणी तसं म्हणालं की मी जास्तच एकटी पडायचे. तू हिशोबाचे आकडे मोकळेपणानं पाठवलेस, ते बरं केलंस. त्यांच्याकडे येतेच, पण आधी दुसरं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. शटर उघडताना धस्स होतं, असं तू लिहितेस. चाकावर बसल्यावर काय होतं ते लिहिलेलं नाहीस, कारण महिनाभर तू बसलेलीच नाहीस. शटर उघडल्यापासून चाकापर्यंत पोचेस्तोवर वाटेत काय काय पडलंय? दुकानातून परत आलेला खोका. कंपनीच्या अकाउंट्समधल्या माणसाला पुन्हा करायचा फोन. शनिवारच्या बॅचचे व्हॉट्सॲप मेसेज. टाकायची राहून गेलेली रील. घरमालकाचं भाडं. हे सगळं ओलांडून मातीपर्यंत जायला रोज सकाळी जी ताकद लागते, ती तुझी संपलीय. “मातीला हात लावावासा वाटत नाही” याचा अर्थ माती नकोशी झालीय, असा तू लावलास. मला तुझ्या पत्रात त्याचा पुरावा कुठे दिसला नाही.

म्हणून माझा तुला पहिला प्रश्न हा: सोडायचंय ते नेमकं काय?

हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता. तो मला महागात पडून कळला, त्याची हकीगत सांगते.

नवव्या वर्षी मला एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. 900 नग, थाळ्या आणि वाट्या, सगळ्या एकाच राखाडी मॅट ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात. नमुन्याच्या सहा थाळ्या सुंदर आल्या होत्या. पण सहा थाळ्यांची भट्टी वेगळी आणि खच्चून भरलेली भट्टी वेगळी. माझ्या भट्टीत खालची फळी वरच्यापेक्षा थंड राहायची. त्यामुळे वरच्या थाळ्या मऊ राखाडी यायच्या, खालच्या कोरड्या आणि खरखरीत. काहींच्या ग्लेझला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली. तुला माहीतच आहे, आपली माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. थाळीचा व्यास जरा इकडेतिकडे झाला की एकावर एक बसत नाही. एक तृतीयांश माल परत आला. तो पुन्हा केला. पैसे यायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी रोज फोन करत होते आणि प्रत्येक फोनआधी पाणी पिऊन घेत होते.

शेवटचा हप्ता जमा झाला त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टुडिओत गेले, ओल्या मातीचा वास आला आणि मळमळलं. ज्या वासासाठी मी बँकेतली नोकरी सोडली होती, त्याच वासानं. मी कुलूप लावून घरी आले.

पहिला महिना झोपण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मुंढव्याजवळ केशवनगरला जायला लागले. तिथे कुंभारांची मोठी वस्ती आहे आणि सुरुवातीच्या काळात मी तिथल्या एका काकांकडे बसून मातीचा मोठा गोळा चाकावर ठेवून त्यातून एकामागून एक पणत्या काढायला शिकले होते. या वेळी शिकायला काही नव्हतं, नुसतीच बसायचे. एकदा विचारलं, “काका, तुम्हाला कंटाळा येत नाही का हो?” त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, “येतो की. मग पावसाळा येतो.”

एवढंच. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यांच्या धंद्यात थांबणं वर्षातच बसवलेलं आहे. पावसात माठ वाळत नाही, उघडी भट्टी लागत नाही, काम आपोआप मंदावतं. तेवढ्यात घराची डागडुजी होते, गावी जाऊन येणं होतं, पाठ मोकळी होते. पाऊस सरला की नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. थांबलं म्हणून कुणी त्यांना विचारत नाही की तुमची आवड कमी झाली का. माझ्याकडे मात्र विजेची भट्टी, पत्र्याचं छप्पर, वाळवायला पंखे. मी बाराही महिने काम करू शकत होते, म्हणून करत होते. माझ्या वर्षाला पावसाळाच नव्हता.

तेव्हापासून मी तो करून घेतला. आषाढ लागला की साधारण सहा आठवडे विक्रीचा माल करायचा नाही, ऑर्डर घ्यायची नाही, प्रदर्शनाचा स्टॉल घ्यायचा नाही. त्या दिवसांत ग्लेझच्या चाचण्या, भट्टीची दुरुस्ती आणि एखादी वेडीवाकडी मोठी वस्तू. या सहा आठवड्यांचा खर्च मी उरलेल्या साडेदहा महिन्यांच्या किमतीत धरते. पहिल्या वर्षी भीती वाटली होती की ग्राहक विसरतील. विसरले नाहीत. उलट “सप्टेंबरमध्ये नवीन काय येणार?” असं विचारायला लागले. तुझा वर्षाचा आराखडा पाहिला तर जूनमध्ये वर्ग, जुलैत राख्यांबरोबरच्या भेटवस्तू, ऑगस्टपासून दिवाळीची तयारी, जानेवारीत हळदीकुंकवाच्या वाणाच्या वाट्या. बाई, पाच वर्षांत तू एकदाही थांबलेली नाहीस.

आता नेमकं काय सोडायचं ते शोधायची वही. दोनशे पानी, शाळेची. दोन आठवडे रोजचं प्रत्येक काम तिच्यात लिहायचं आणि समोर एकच शब्द: जड किंवा हलकं. तो शब्द काम करण्याआधी लिहायचा, नंतर नाही. काम उरकलं की सुटका झाल्याचं बरं वाटतं आणि त्या भरात आपण स्वतःशीच खोटं बोलतो. चार महिन्यांच्या शेवटी मी स्टुडिओ नुसता उघडून, जेमतेम काम करत हे केलं. माझ्या वहीत जड काय निघालं? वसुलीचे फोन, पॅकिंग, रविवारचा वर्ग, एकच वस्तू शेकड्यांनी करणं. हलकं काय निघालं? ट्रिमिंग (अर्धवट वाळलेलं भांडं चाकावर खरवडून नीट करणं), कपांना कान लावणं, ग्लेझच्या चाचण्या आणि प्रदर्शनात लोकांशी बोलणं. या शेवटच्यानं मी चकित झाले. विकणं मला आवडत नाही असं मी नऊ वर्षं म्हणत आले होते. खरं तर विकणं मला आवडत होतं. विकलेल्याचे पैसे मागणं आवडत नव्हतं.

मग मी हॉटेलच्या ऑर्डरी घेणं सोडलं, ते आजतागायत. रविवारचा वर्ग गुरुवारी नेला. निम्मे विद्यार्थी गळाले, उरलेले अजून येतात. पॅकिंगला आठवड्यातून दोन दिवस एक मदतनीस ठेवली. स्टुडिओ चालू राहिला. मला जे सोडायचं होतं ते मी सोडलं, आणि त्याचा आकार सगळ्या धंद्याच्या पाव भागाएवढा होता. तुझ्या वहीत वेगळं निघेल. कदाचित वर्ग हलके निघतील आणि दुकानं जड. कदाचित चाकच जड निघेल. तसं निघालं तर तेही खरं मानायचं, त्यावर पुढे बोलते.

इतर दोन वेळांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या वर्षी भट्टीच्या कॉइल जळाल्या आणि नव्या घालायला पैसे नव्हते. उधार घेतले, फेडले. 2020 मध्ये वर्ग आणि प्रदर्शनं एका दिवसात बंद झाली, तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं.

आता आकडे. तू कप 450 रुपयांना विकतेस. दुकान 40 टक्के घेतं, तुझ्या हातात 270 येतात. माती-ग्लेझ, दोनदा भाजण्याची वीज, खोका आणि तुटफूट मिळून तू कपामागे 140 धरलेस, ते मला बरोबर वाटतं. उरले 130. गाळ्याचं भाडं 12,000 आणि महिन्याला साधारण 120 कप, म्हणजे कपामागे 100 रुपये भाडं. ते तू कुठेच धरलेलं नाहीस. ते काढलं की उरतात 30 रुपये. आणि माती मळण्यापासून ट्रिमिंग, कान, ग्लेझ, घासणं असा सगळा वेळ जोडला तर एका कपाला तुझा जवळजवळ एक तास जातो.

तासाला 30 रुपये. यात तू थकली नसतीस तर मला नवल वाटलं असतं. तू याला आवड आटणं म्हणतेस. मला हे पाच वर्षं बिनपगारी काम केल्याचं दिसतं.

आता हाच कप 600 ला ठेव. दुकानातून 360 येतील, 140 आणि 100 वजा जाता 120 उरतील. किंमत एक तृतीयांशानं वाढली आणि तुझा वाटा चौपट झाला. स्वतः विकलास तर 360 उरतील. अर्थात 600 ला कमी कप जातील. पण 120 ऐवजी 70 गेले तर तुझ्याकडे 50 तास मोकळे राहतात. भाडं मात्र 70 कपांवर वाटलं जाईल, कपामागे 170 च्या वर, म्हणून निम्मे तरी कप थेट विकले जायला हवेत. हे गणित कागदावर कर, मनात करू नकोस. मनात केलं की प्रत्येक वेळी भीतीच्या बाजूनं झुकतं. किंमत वाढवताना माझाही हात अडखळायचा. “एवढ्याशा कपाला सहाशे?” हे वाक्य तू ऐकशील. म्हणणाऱ्याला उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या कारखान्यातला कप माहीत असतो आणि त्याची किंमत त्या कपासाठी बरोबरच असते. तुझा कप तो नाही. त्याला दोन वाक्यांत हे शांतपणे सांगायचं आणि नमस्कार करायचा.

आणि खर्चात पहिली ओळ तुझ्या मजुरीची लिही. भाड्याच्याही आधी. आकडा छोटा असला तरी चालेल. ती ओळ नसली की घरातले आणि बाहेरचे त्याला छंद म्हणतात, आणि काही वर्षांनी आपणही म्हणायला लागतो.

कंपनीच्या पैशाचं मात्र आजच बघ. तू दुसऱ्याच वर्षी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केलीस, हे फार शहाणपणाचं केलंस. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतल्यावर लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करार नसेल तर 15 दिवस. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. तू स्वतः वस्तू बनवतेस, नुसती खरेदी-विक्री करत नाहीस, म्हणून हे तुला लागू आहे. शिवाय 2023 च्या वित्त कायद्यानं आणखी एक तरतूद आणली: अशा लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येतो. म्हणजे तुझे पैसे 31 मार्चच्या आत दिले तर तो खर्च त्यांना या वर्षात मिळेल, नाही दिले तर मिळणार नाही. त्यांच्या हिशोबनिसाला हे माहीत असतंच. तुलाही माहीत आहे, एवढं त्याला कळू दे.

फोन करू नकोस. ईमेल पाठव, अकाउंट्सला आणि ज्यानं ऑर्डर दिली त्यालाही. बिलाचा क्रमांक, माल पोचल्याची तारीख, उद्यम क्रमांक, कायद्याचं नाव आणि अमुक तारखेपर्यंत रक्कम न आल्यास लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करीन, एवढंच. रागाचा एकही शब्द नको, विनवणीचाही नको. तो अर्ज असे तंटे सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे जातो. कायद्यात निकालाला 90 दिवस म्हटलेत, प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. पण माझा अनुभव असा की पुष्कळदा ते पत्रच काम करतं. माझ्या हॉटेलच्या वेळी हा कायदा होता आणि मला तो ठाऊक नव्हता. आठ महिने मी विनवण्या केल्या. तुझे आठ महिने जाऊ नयेत म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. आणि यापुढे ऑर्डरच्या निम्मे पैसे माती मळायच्या आधी घ्यायचे. जो देत नाही त्याची ऑर्डर नको.

आता समजा, हे सगळं झालं, पैसे आले, किंमत वाढली, आणि तरी चाकावर बसल्यावर काहीच वाटलं नाही, तर?

एक जुना प्रयोग सांगते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत तो केला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, त्यावर सोनेरी चांदणी आणि रिबीन असेल. काहींना न सांगता शेवटी प्रमाणपत्र दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेनं पुन्हा मुलांपुढे ठेवली. बक्षीस ठरवून ज्यांनी चित्रं काढली होती, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. बाकीच्यांना ही बालमानसशास्त्रातली एक गोष्ट वाटेल. आपल्यासारख्यांना मात्र ती आपलीच वाटते. पैसा आला म्हणून आवड गेली असं यातून निघत नाही. प्रत्येक वस्तू करायच्या आधीच तिची किंमत ठरलेली असली की हात दुसऱ्यासाठी चालायला लागतो, असं मी त्यातून घेतलं.

यावर माझ्याकडे एक उपाय आहे. स्टुडिओत खिडकीजवळची एक फळी आहे. तिच्यावरचं विकायला नाही. फोटो काढायचा नाही, रील करायची नाही, वर्गातल्या मुलींनी विचारलं तरी किंमत सांगायची नाही. आठवड्यातला एक अर्धा दिवस त्या फळीसाठी. पहिले काही आठवडे मला तिथे काय करायचं तेच सुचेना. इतकी वर्षं विकण्यासाठी विचार केलेला, की न विकायचं काय करतात ते विसरले होते. एकदा नुसते मातीचे गोळे करून ठेवले. दोन महिन्यांनी त्यांतून जे सुरू झालं, त्याचाच पुढे माझा सगळ्यात जास्त विकला जाणारा प्रकार झाला. हे मी फळीच्या समर्थनार्थ सांगत नाही. तो प्रकार नसता निघाला तरी मी ती फळी ठेवली असती.

थकव्याबद्दलही नीट बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात कामाच्या थकव्याची, बर्नआउटची, व्याख्या दिली. तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून नोंदलाय. तीन खुणा: सगळी शक्ती गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याच्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात मला पहिल्या दोन दिसतात, तिसरी पुसटशी. असा थकवा कामापुरता असतो. मुलाबरोबर खेळताना, आईशी गप्पा मारताना तू हसत असशील तर हे कामाचंच दुखणं आहे आणि वर लिहिलेल्या गोष्टींनी त्यात फरक पडतो.

पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल किंवा संपत नसेल, भूक मेली असेल, आपण नसतो तर बरं असं मनात येत असेल, तर तो धंद्याचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वही बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जा. सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका चांगल्या विणकर मुलीनं आपलं दुखणं मागाचं दुखणं समजून माग विकला. माग गेला, दुखणं राहिलं. उपचारानंतर ती बरी झाली आणि पुन्हा माग घ्यायला तिला तीन वर्षं लागली. म्हणून हा परिच्छेद वगळून पुढे जाऊ नकोस.

आणि बंद करणं. त्याबद्दल तू फार अपराधी सुरात लिहिलंयस, “हरल्यासारखं वाटेल” असं. आपल्या भाषेत दुकान बंद झालं असं म्हणत नाहीत, दुकान वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणायची. लहानपणी मला ते नुसतं अशुभ टाळणं वाटायचं. आता त्यात माया दिसते.

राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. प्लेगच्या साथीनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. देवदेवतांची चित्रं घरोघर गेली, पण छापखाना तोट्यात राहिला आणि अखेर त्यानं तो आपल्याकडच्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. छापखाना पुढे चालत राहिला आणि रविवर्मा 1906 मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत राहिला. त्यानं धंदा सोडला, कुंचला सोडला नाही. तुमच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके याच छापखान्यासाठी काम करून पुढे स्वतःच्या भागीदारीच्या छापखान्यात गेले, त्यासाठी जर्मनीहून यंत्रं आणली, आणि भागीदारांशी बिनसल्यावर तेही सोडून बाहेर पडले. तोच माणूस नंतर सिनेमाकडे वळला आणि 1913 मध्ये “राजा हरिश्चंद्र” पडद्यावर आला. मग नाशिकच्या फिल्म कंपनीतही भागीदारांशी वाद झाले. ती सोडून ते कुटुंब घेऊन काशीला गेले, तिथे “रंगभूमी” नावाचं नाटक लिहिलं, आणि काही काळानं त्याच कंपनीत परत आले. एकाच माणसाचं एक सोडणं कायमचं होतं, दुसरं परतीचं. सोडताना कुठलं कसं ठरेल, हे त्यांना तरी कुठे कळलं असणार?

तर तुझ्या वहीत चाकच जड निघालं, विश्रांतीनंतरही जड निघालं, तर नोकरी धर. मी तुला थांबवणार नाही आणि कुणाला थांबवू देणार नाही. फक्त क्रम सांभाळ. आधी घेतलेल्या ऑर्डरी पूर्ण कर किंवा आगाऊ रक्कम परत कर. दुकानांतला माल मोजून परत आण, कारण मागे राहिलेल्या मालाचा हिशोब सहा महिन्यांनी कुणी देत नाही. वर्गाच्या बॅच अर्धवट सोडू नकोस. गाळ्याच्या कराराची नोटीस लेखी दे आणि अनामत परत मिळेपर्यंत किल्ली देऊ नकोस. जीएसटी क्रमांक घेतला असेल तर तो रीतसर रद्द करून घे, नुसता पडून राहिला तर विवरणपत्रांचा दंड चढतो. भट्टी सगळ्यात शेवटी वीक, आणि चाक विकूच नकोस. चाकाला तीन फूट जागा लागते, घराच्या गॅलरीत मावतं.

पण हे ठरवायचं अक्षय्य तृतीयेनंतर. त्याआधी नाही. दिवाळीच्या हंगामानंतरचे महिने आपल्या धंद्यात सगळ्यात वाईट असतात. अंग मोडलेलं, पैसे अडकलेले, फळ्या रिकाम्या, पुढचं प्रदर्शन लांब. माझ्या तीनपैकी दोन वेळा जानेवारी-फेब्रुवारीतच आल्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी जुन्या डायऱ्या चाळताना दिसलं. भट्टी 1,200 अंशांच्या वर गेल्यावर ती खाली यायला एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस लागतो. 200 वर असताना उतावळेपणानं दार उघडलं तर चांगला भाजलेला मालही टणकन तडकतो. तो आवाज तू ऐकलायस, मला माहीत आहे.

तोवर एवढं कर. आज कंपनीला ईमेल. उद्या दोन्ही दुकानांना नव्या किमतीचं पत्रक, एक मार्चपासून लागू. या महिन्याच्या चालू बॅच संपल्या की मार्चमध्ये नवीन बॅच नाही. रील नाहीत. शटर सकाळी नऊऐवजी अकराला उघड आणि फोन पिशवीतच राहू दे. मातीला हात लावायची सक्ती स्वतःवर करू नकोस. फक्त ती वाळू नये म्हणून ओलं फडकं घालत जा.

गुढीपाडव्याला माझा स्टुडिओ उघडा असतो. वही घेऊन ये, सकाळची गाडी पकडलीस तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचशील. जड-हलकंची पानं आपण दोघी मिळून बघू, आणि कपाचं गणित तुझ्या समोर पुन्हा मांडू, या वेळी तुझ्या मजुरीची ओळ सगळ्यात वर घालून.